पुरवठादार वैविध्य : प्रमाणपत्रापासून पुरवठा आदेशापर्यंत

कोणताही उद्योग उभा राहण्यासाठी भांडवल, कौशल्य आणि ग्राहक या तीन गोष्टी लागतात. विकासाच्या योजनांनी पहिल्या दोहोंकडे दीर्घकाळ लक्ष पुरविले. सवलतीची कर्जे दिली गेली, प्रशिक्षण संस्था उभारल्या गेल्या. ग्राहक मात्र उद्योजकाने स्वतः शोधावा, असे गृहीत धरले गेले. ज्या समाजघटकांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या व्यापार नव्हता, ज्यांचे आप्तेष्ट मोठ्या कारखान्यांच्या खरेदी विभागात नव्हते, त्यांच्या दृष्टीने नेमकी हीच गोष्ट सर्वांत अवघड ठरली. माल तयार आहे, पण तो घेणाऱ्याच्या दारापर्यंत जाण्याची वाट नाही, ही ती अडचण होय.

या अडचणीवरचा एक उपाय म्हणजे 'पुरवठादार वैविध्य'. वंचित समाजघटकांच्या मालकीचे उद्योग कोणते, हे विश्वासार्ह पद्धतीने प्रमाणित करायचे आणि मोठ्या कंपन्या व शासकीय खरेदीदार यांच्या पुरवठा साखळीशी त्यांना जोडून द्यायचे, असे त्याचे स्वरूप आहे. प्रस्तुत लेखात या संकल्पनेचा उगम, प्रमाणनाची पद्धत, भारतातील वाटचाल आणि उद्दिष्ट व वास्तव यांतील अंतर यांचा विचार केला आहे.

अमेरिकेतील उगम

पुरवठादार वैविध्याची कल्पना अमेरिकेत रुजली. १९६० च्या दशकात तेथे नागरी हक्कांची चळवळ यशस्वी झाली, कायद्याने भेदभाव निषिद्ध ठरला. परंतु आर्थिक विषमता कायम राहिली. १९६७ मध्ये डेट्रॉइटसह अनेक शहरांत दंगली उसळल्या. केवळ मताधिकार व शाळाप्रवेश पुरेसे नाहीत, कृष्णवर्णीय समाजाला उद्योगाच्या मालकीतही वाटा मिळाला पाहिजे, हा विचार त्यानंतर बळावला. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी मार्च १९६९ मध्ये एका आदेशाद्वारे अल्पसंख्य उद्योगांसाठी स्वतंत्र कार्यालय स्थापन केले. हेच कार्यालय पुढे 'मायनॉरिटी बिझनेस डेव्हलपमेंट एजन्सी' या नावाने ओळखले जाऊ लागले.

शासनाच्या बरोबरीने खासगी क्षेत्रानेही पाऊल उचलले. १९७२ मध्ये स्थापन झालेली व आज 'नॅशनल मायनॉरिटी सप्लायर डेव्हलपमेंट कौन्सिल' म्हणून परिचित असलेली संस्था मोठ्या कंपन्या आणि अल्पसंख्य पुरवठादार यांच्यातील दुवा बनली. तिची रचना समजून घेण्याजोगी आहे. कंपन्या तिच्या सदस्य असतात. प्रादेशिक परिषदा उद्योगांची तपासणी करून प्रमाणपत्रे देतात. प्रमाणित उद्योगांची सूची सदस्य कंपन्यांच्या खरेदी अधिकाऱ्यांना उपलब्ध होते आणि मेळाव्यांतून खरेदीदार व पुरवठादार समोरासमोर येतात.

१९७८ मध्ये झालेल्या कायद्याने या व्यवस्थेला आणखी एक पैलू जोडला. मोठी शासकीय कंत्राटे घेणाऱ्या कंपन्यांनी त्या कामाचा किती हिस्सा लहान व वंचित घटकांच्या उद्योगांकडून करवून घेतला जाईल, याची योजना सादर करणे बंधनकारक झाले. येथूनच 'दुसऱ्या स्तरावरील' खरेदीची कल्पना प्रचारात आली. लहान उद्योग थेट शासनाला किंवा महाकाय कंपनीला माल पुरवू शकत नसेल, तर तो त्या कंपनीच्या पुरवठादाराचा पुरवठादार होऊ शकतो. पुढे २००१ मध्ये 'बिलियन डॉलर राउंडटेबल' हे व्यासपीठ स्थापन झाले. अल्पसंख्य व महिलांच्या उद्योगांकडून वर्षाला किमान एक अब्ज डॉलरची खरेदी करणाऱ्या कंपन्यांना त्यात स्थान मिळत असे.

प्रमाणन कशाचे?

अमेरिकी परिषदेच्या प्रमाणनाचा गाभा ५१ टक्के या आकड्यात आहे. उद्योगाची किमान ५१ टक्के मालकी ठरावीक अल्पसंख्य गटांतील अमेरिकी नागरिकांकडे असावी लागते. या गटांत कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, मूळ अमेरिकी आणि आशियाई वंशाच्या व्यक्तींचा समावेश होतो. भारतीय वंशाचे अमेरिकी उद्योजकही आशियाई गटात मोडतात.

तथापि, केवळ भागभांडवल पुरेसे नसते. मालकी, व्यवस्थापन आणि नियंत्रण या तिन्ही कसोट्या लावल्या जातात. धनादेशावर स्वाक्षरी कोण करतो, कामगार कोण नेमतो, भाव कोण ठरवतो, यंत्रसामग्री कोणाच्या नावावर आहे, हे प्रश्न विचारले जातात. कागदपत्रांच्या छाननीनंतर प्रत्यक्ष जागेला भेट दिली जाते. प्रमाणपत्राचे नियतकालिक नूतनीकरणही करावे लागते.

एवढी कडक तपासणी कशासाठी, याचे उत्तर 'मुखवटा कंपनी' या प्रकारात आहे. सवलत मिळावी म्हणून वंचित घटकातील व्यक्तीला कागदोपत्री मालक दाखवायचे आणि कारभार व नफा मात्र दुसऱ्यानेच ठेवायचा, असे प्रकार जेथे जेथे अशी धोरणे आली तेथे तेथे घडले. दक्षिण आफ्रिकेने २००३ मध्ये कृष्णवर्णीयांच्या व्यापक आर्थिक सक्षमीकरणाचा कायदा केला. दहा वर्षांनी, २०१३ मध्ये, त्यात दुरुस्ती करून मुखवट्याआड लाभ उठविण्याला फौजदारी गुन्हा ठरवावे लागले. मुखवट्यामुळे शासनाची फसवणूक होतेच. शिवाय खऱ्या उद्योजकाची संधी हिरावली जाते. म्हणूनच चोख प्रमाणन हे या धोरणाच्या नैतिक अधिष्ठानाचा भाग ठरते.

न्यायालयीन कसोटी

अमेरिकेत या धोरणाची वाट सरळ राहिली नाही. सार्वजनिक बांधकामांत अल्पसंख्य उद्योगांसाठी १० टक्के निधी राखून ठेवण्याची तरतूद तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये वैध ठरविली होती. परंतु १९८९ मध्ये रिचमंड शहराची ३० टक्क्यांची तरतूद त्याच न्यायालयाने रद्द केली. पूर्वी घडलेल्या भेदभावाचा नेमका पुरावा दिल्याखेरीज वंशावर आधारित राखीव हिस्सा ठेवता येणार नाही, असे सूत्र त्यातून पुढे आले. १९९५ मध्ये हीच कठोर कसोटी केंद्रीय शासनाच्या कार्यक्रमांनाही लागू झाली. २०२३ मध्ये टेनेसी येथील केंद्रीय न्यायालयाने, विशिष्ट वंशाची व्यक्ती सामाजिकदृष्ट्या वंचित असल्याचे गृहीत धरण्यास लघु उद्योगांच्या एका प्रमुख कार्यक्रमात मनाई केली. जानेवारी २०२५ मधील राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानंतर अनेक कंपन्यांनी आपले वैविध्यविषयक कार्यक्रम आखडते घेतले. ज्या देशात ही कल्पना जन्मली, तेथेच ती आज वादाच्या भोवऱ्यात आहे, ही बाब अभ्यासकांनी ध्यानात घ्यावी.

भारतातील 'अल्पसंख्य' आणि 'वंचित'

अमेरिकेतील 'मायनॉरिटी' हा शब्द भारतीय संदर्भात जसाच्या तसा वापरता येत नाही. तेथे तो वंशावर आधारलेला आहे. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २९ व ३० मध्ये अल्पसंख्याकांचा विचार धर्म, भाषा व संस्कृती यांच्या अंगाने केला आहे. राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग अधिनियम, १९९२ अन्वये मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन हे सहा समाज अधिसूचित आहेत. त्यांच्यातील दुर्बल घटकांना स्वयंरोजगारासाठी वित्तपुरवठा करण्याकरिता राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळ १९९४ मध्ये स्थापन झाले. केंद्रीय खरेदी धोरणात मात्र धर्मावर आधारित उपउद्दिष्ट नाही.

अमेरिकेतील पुरवठादार वैविध्याशी खरी तुलना होऊ शकते ती भारतातील अनुसूचित जाती व जमातींच्या उद्योजकांसाठीच्या तरतुदींची. दुर्बल घटकांचे, विशेषतः अनुसूचित जाती व जमातींचे, आर्थिक हितसंबंध जपण्याचे राज्यघटनेच्या अनुच्छेद ४६ मधील मार्गदर्शक तत्त्व हा त्यांचा पाया आहे. या दोन वर्गवाऱ्या काही ठिकाणी एकमेकींना छेदतात. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या व्यक्तींनाही अनुसूचित जातीचे लाभ मिळू लागले. त्यामुळे महाराष्ट्रातील नवबौद्ध उद्योजक धर्माने अल्पसंख्याक आणि खरेदी धोरणाच्या दृष्टीने अनुसूचित जातीचा, असा दोन्ही वर्गांत येऊ शकतो.

भारतातील वाटचाल

जानेवारी २००२ मध्ये भोपाळ येथे झालेल्या परिषदेच्या जाहीरनाम्यात दलित व आदिवासींसाठी पुरवठादार वैविध्य आणि वितरक वैविध्य यांची मागणी ठळकपणे मांडली गेली. अमेरिकेतील अनुभवाचा अभ्यास या मागणीच्या मुळाशी होता. २००५ मध्ये मिलिंद कांबळे यांच्या पुढाकाराने पुण्यात दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, अर्थात 'डिक्की', ही संस्था स्थापन झाली. नोकरी मागणाऱ्यांऐवजी नोकरी देणारे घडविणे, हे या संस्थेने आपले ध्येय मानले. २००६ मध्ये भारतीय उद्योग महासंघ व असोचॅम यांच्या कृतिदलाने, जे. जे. इराणी यांच्या अध्यक्षतेखाली, खासगी उद्योगांसाठी सकारात्मक कृतीची दिशा आखली. ती ऐच्छिक स्वरूपाची होती. खासगी कंपन्यांना अशा खरेदीचे केंद्रीय कायद्याने बंधन नाही, हा भारतीय चौकटीतील महत्त्वाचा मुद्दा आहे.

त्याच वर्षी सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ लागू झाला. या अधिनियमाच्या कलम ११ अन्वये सूक्ष्म व लघु उपक्रमांसाठीचे सार्वजनिक खरेदी धोरण मार्च २०१२ मध्ये अधिसूचित झाले. १ एप्रिल २०१२ पासून ते अमलात आले आणि १ एप्रिल २०१५ पासून बंधनकारक झाले.

खरेदी धोरणाचे स्वरूप

केंद्र शासनाची मंत्रालये, विभाग आणि सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या वार्षिक खरेदीचा किमान ठरावीक हिस्सा सूक्ष्म व लघु उपक्रमांकडून घ्यावा, अशी ही तरतूद आहे. प्रारंभी तो २० टक्के होता. नोव्हेंबर २०१८ च्या दुरुस्तीने तो २५ टक्के झाला. त्यापैकी एकूण खरेदीच्या ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उपक्रमांकडून व्हावी, असे उपउद्दिष्ट आहे. उदाहरणार्थ, एखाद्या उपक्रमाची वार्षिक खरेदी १,००० कोटी रुपये असेल, तर २५० कोटी रुपयांची खरेदी सूक्ष्म व लघु उपक्रमांकडून अपेक्षित आहे. त्यात ४० कोटी रुपये अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३० कोटी रुपये महिलांच्या उपक्रमांच्या वाट्याला यावेत.

मालकीची कसोटी येथेही ५१ टक्क्यांचीच आहे. एकल मालकीचा उपक्रम असेल तर मालक, भागीदारी असेल तर किमान ५१ टक्के हिस्सा असलेले भागीदार आणि खासगी मर्यादित कंपनी असेल तर किमान ५१ टक्के भाग धारण करणारे प्रवर्तक अनुसूचित जाती वा जमातीचे असावे लागतात. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी स्वयंघोषणेवर आधारलेली आणि निःशुल्क आहे. जातीचा दाखला सक्षम अधिकाऱ्याने दिलेला असतो. अमेरिकी पद्धतीत मालकी, नियंत्रण व सामाजिक गट यांची तपासणी एकाच प्रमाणपत्रात होते. भारतात उपक्रमाचा पुरावा एका ठिकाणी, जातीचा पुरावा दुसऱ्या ठिकाणी आणि क्षमतेची परीक्षा खरेदीदाराकडे, अशी विभागणी आहे.

निविदा प्रक्रियेतही सवलती आहेत. निविदा कागदपत्रे विनामूल्य मिळतात, बयाणा रक्कम माफ असते. सर्वांत कमी दर बिगर-लघु उपक्रमाचा असेल आणि लघु उपक्रमाचा दर त्याहून १५ टक्क्यांपर्यंत अधिक असेल, तर लघु उपक्रमाला आपला दर तेवढा खाली आणण्याची संधी दिली जाते. समजा मोठ्या कंपनीने १०० रुपये आणि लघु उपक्रमाने ११२ रुपये दर भरला. लघु उपक्रम १०० रुपयांना तयार झाला, तर त्याला मागणीच्या २५ टक्क्यांपर्यंत पुरवठा मिळू शकतो. येथे शासन जादा किंमत मोजत नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. याखेरीज ३५८ वस्तू केवळ सूक्ष्म व लघु उपक्रमांकडून खरेदीसाठी राखून ठेवल्या आहेत.

उद्दिष्ट आणि वास्तव

अलीकडच्या वर्षांत एकूण २५ टक्क्यांचे उद्दिष्ट ओलांडले गेले आहे. अनुसूचित जाती-जमातींचे ४ टक्क्यांचे उपउद्दिष्ट मात्र गाठले गेलेले नाही. प्रत्यक्ष खरेदी त्याच्या बरीच खाली राहिली आहे. एकच धोरण एका गटाबाबत यशस्वी आणि दुसऱ्याबाबत अपुरे का ठरावे, हा या विषयातील कळीचा प्रश्न होय. त्याची चार कारणे सांगता येतात.

पहिले कारण उद्योगांच्या आकारमानाचे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७३ व्या फेरीनुसार (२०१५-१६) देशातील सुमारे ६.३४ कोटी सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रमांपैकी १२.४५ टक्के अनुसूचित जातींच्या आणि ४.१० टक्के अनुसूचित जमातींच्या मालकीचे होते. सूक्ष्म गटातून लघु गटाकडे गेले की अनुसूचित जातींचा वाटा ५.५० टक्क्यांवर येतो. म्हणजे उद्योजक आहेत, पण त्यांचे उद्योग फार लहान आहेत. सार्वजनिक उपक्रमांच्या निविदांतील पूर्वानुभव, उलाढाल आणि परिमाण यांच्या अटी त्यांच्या आवाक्याबाहेर राहतात.

दुसरे कारण धोरणाच्या व्याप्तीचे. त्याचा लाभ वस्तू उत्पादन करणाऱ्या व सेवा देणाऱ्या उपक्रमांना मिळतो. निव्वळ व्यापारी आणि बांधकामाची कंत्राटे त्याच्या कक्षेबाहेर आहेत. कमी भांडवलात धंदा सुरू करणारा माणूस बहुधा किरकोळ व्यापार किंवा लहान कंत्राटे यांकडेच वळतो. कर्नाटकाने आपल्या सार्वजनिक खरेदी कायद्यात दुरुस्ती करून ठरावीक रकमेपर्यंतच्या कामांत अनुसूचित जाती-जमातींच्या कंत्राटदारांसाठी २४.१ टक्के हिस्सा राखला. ही उणीव भरून काढण्याचा तो एक प्रयत्न होता.

तिसरे कारण उपउद्दिष्टाच्या रचनेतच दडले आहे. अनुसूचित जाती-जमातींचे पात्र उपक्रम निविदेत सहभागी झाले नाहीत वा अटी पूर्ण करू शकले नाहीत, तर तो हिस्सा इतर सूक्ष्म व लघु उपक्रमांकडून भरून काढण्याची मुभा आहे. व्यवहाराच्या दृष्टीने ती आवश्यक असली, तरी तिच्यामुळे एकूण आकडा पूर्ण दिसतो आणि उपउद्दिष्ट चुकल्याची झळ खरेदीदाराला बसत नाही.

चौथे कारण पैशाच्या वसुलीचे. २००६ च्या अधिनियमानुसार लघु पुरवठादाराचे देयक जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करणे आवश्यक आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज द्यावे लागते. परंतु ज्याच्याजवळ राखीव भांडवल नाही, तो आपल्या एकमेव मोठ्या ग्राहकाविरुद्ध तक्रार करण्यास धजत नाही. घराण्याच्या पेढीचा आधार असलेला पुरवठादार चार महिने थांबू शकतो. पहिल्या पिढीच्या उद्योजकाचे कर्ज तेवढ्यात थकीत होते. मोठी मागणी हाती येऊनही उद्योग बुडतो, तो अशा वेळी.

दुवा कसा सांधावा?

या त्रुटींची जाणीव ठेवून ऑक्टोबर २०१६ मध्ये लुधियाना येथे राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती हबचा प्रारंभ करण्यात आला. राष्ट्रीय लघु उद्योग महामंडळामार्फत तो राबविला जातो. विक्रेता विकास कार्यक्रम, मार्गदर्शन, चाचणी शुल्काची प्रतिपूर्ती आणि यंत्रसामग्रीवर २५ टक्के, कमाल २५ लाख रुपये भांडवली अनुदान, असे त्याचे स्वरूप आखले गेले. ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेल्या शासकीय ई-बाजारपेठेमुळे, म्हणजे 'जेम' संकेतस्थळामुळे, लहान पुरवठादाराला देशभरातील शासकीय खरेदीदारांसमोर आपला माल मांडता येऊ लागला. देयकांच्या बदल्यात लवकर रोकड मिळवून देणाऱ्या 'ट्रेड्स' या मंचावर मोठ्या कंपन्यांनी नोंदणी करण्याची उलाढालीची मर्यादा नोव्हेंबर २०२४ मध्ये ५०० कोटी रुपयांवरून २५० कोटी रुपयांवर आणण्यात आली.

तरीही काही पावले आवश्यक आहेत. मोठ्या मागण्यांचे लहान भागांत विभाजन करणे, मुख्य कंत्राटदाराच्या खरेदीतील दुसऱ्या स्तरावरील वाटा मोजणे, पहिल्या मागणीसाठी पूर्वानुभवाची अट शिथिल करून गुणवत्तेची अट मात्र कायम ठेवणे आणि ४ टक्क्यांच्या उपउद्दिष्टाचा हिशेब एकूण उद्दिष्टापासून वेगळा तपासणे, यांचा त्यात समावेश करता येईल. खासगी क्षेत्राच्या बाबतीत, ऐच्छिक संहितेला खरेदीच्या प्रसिद्ध आकडेवारीची जोड मिळाली तर तिचे मूल्य वाढेल.

प्रमाणपत्र उद्योजकाची ओळख पटवते. ती ओळख खरेदी अधिकाऱ्याच्या टेबलापर्यंत पोहोचणे, तेथून झेपेल एवढा पुरवठा आदेश मिळणे आणि केलेल्या पुरवठ्याचे पैसे वेळेवर हाती पडणे, या तीन पायऱ्या पूर्ण झाल्या तरच पहिल्या पिढीचा उद्योजक दुसरी मागणी स्वीकारण्यास समर्थ होतो. धोरणाचे यश वाटलेल्या प्रमाणपत्रांच्या संख्येवरून मोजण्यापेक्षा दुसऱ्यांदा मागणी मिळालेल्या उद्योजकांच्या संख्येवरून मोजणे अधिक उचित ठरेल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. 'पुरवठादार वैविध्य' ही संकल्पना स्पष्ट करून अमेरिकेतील व भारतातील प्रमाणन पद्धतींची तुलना करा.

२. सार्वजनिक खरेदी धोरण, २०१२ मधील अनुसूचित जाती-जमातींसाठीचे उपउद्दिष्ट साध्य न होण्याच्या कारणांची चर्चा करा.

३. 'वंचित घटकांच्या उद्योजकतेसाठी कर्जापेक्षा बाजारपेठ अधिक महत्त्वाची आहे.' या विधानाचे साधकबाधक परीक्षण करा.